पाषाणातील काकपदे

जुन्या पोथ्यांचा ज्यांना सराव आहे त्यांना काकपद हे चिन्ह परिचयाचे आहे. लेखकूच्या हातून एखादे अक्षर वा शब्द लिहावयाचा राहून गेला, म्हणजे तो दोन अक्षरांच्या मध्ये कावळ्याच्या पावलासारखी एक लहानशी खूण करी आणि गळलेला मजकूर समासात लिही. काही जण तिला हंसपद म्हणत. पक्षी कोणताही असो, खुणेचा अर्थ एकच : येथे काहीतरी होते, ते आता येथे नाही. पृथ्वीच्या पोथीतही अशी काकपदे आढळतात. फरक एवढाच की त्या पोथीचा समास बहुधा कोराच असतो. गळलेला मजकूर कोणता, हे वाचकानेच ठरवावयाचे असते. क्रिटेशस म्हणजे खटी युगातील पक्ष्यांची जी पावले दगडात उमटलेली सापडली आहेत, ती कशी ओळखली गेली, त्यांना नावे कशी मिळाली आणि त्या कामी विद्वानांच्या हातून कोणत्या चुका झाल्या, याचा थोडासा इतिहास प्रस्तुत लेखात सांगण्याचा विचार आहे. हा विषय साहित्याच्या नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न कोणास पडल्यास त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेल अशी आशा आहे.

या विषयाकडे मी वळलो तो एका विद्यार्थ्यामुळे. काचीगुड्यातील आमच्या शाळेच्या ओसरीचा एक कोपरा काही वर्षांपूर्वी सिमेंटने दुरुस्त केला होता. सिमेंट ओले असताना त्यावरून एक पक्षी चालत गेला आणि त्याची आठनऊ पावले तेथे कायमची राहिली. नववीतील एका मुलाने ती कागदावर उतरवून घेतली, बोटांमधील कोन कोनमापकाने मोजले आणि कागद घेऊन तो माझ्याकडे आला. "सर, हा पक्षी कोणता?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "कावळा." माझ्या मनात काकपद होते आणि डोळ्यांना तेच दिसले. आमचे वृद्ध शिपाई शेजारी उभे होते. ते नांदेडकडचे, आणि त्यांचे आजोबा गावचे जागल्या होते. ते संकोचाने म्हणाले, "साहेब, कावळ्याचं मागचं बोट लांब उमटतं. इथं मागं नुसता ठिपका आहे, आणि पुढची बोटं चांगली फाकली आहेत. ही कोंबडी आहे." मग त्यांनी आणखी एक गोष्ट दाखविली. जेथे सिमेंट पातळ होते तेथे पाऊल खोल जाऊन बोटे जाड झाली होती, मध्ये ती नीट रेखीव होती, आणि जेथे सिमेंट आळत आले होते तेथे नखांच्या केवळ रेघा उमटल्या होत्या. कोंबडी एक, पण पावले तीन तऱ्हांची. मुलाने लगेच विचारले, "मग जे पक्षी कोणीच पाहिलेले नाहीत, त्यांची पावले कशी ओळखतात?" मजजवळ तेव्हा उत्तर नव्हते. ते देण्याचे मी कबूल केले होते.

आमच्या शिपायांचे ज्ञान हे काही नवलाचे नव्हे. माग काढणे ही आपल्याकडे एक विद्या होती, आणि ग्रामव्यवस्थेत तिला कायद्याचे बळ होते. चोरी झाली म्हणजे रामोशी किंवा जागल्या चोराचा माग शिवेपर्यंत नेई. तो पुढच्या गावाच्या स्वाधीन केला की पहिल्या गावाची जबाबदारी संपे, आणि ज्या गावात माग नाहीसा होई त्या गावाला भरपाईची झळ लागे. पेशवाईच्या अखेरीनंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला त्यात या पद्धतीची दखल घेतलेली आहे. पाऊल चुकीचे वाचले तर एका गावाचा दंड दुसऱ्या गावाच्या माथी बसे. तेव्हा मागकऱ्याला आपला तर्क जपून करावा लागे. दगडातील पावले वाचणाऱ्या विद्वानांना असा दंड भरावा लागला नाही. कदाचित त्यामुळेच आरंभीच्या काळात त्यांचा तर्क भरधाव धावला.

या शास्त्राचा उगम अमेरिकेत कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात झाला. १८०२ च्या सुमारास साउथ हॅडली गावी प्लिनी मूडी नावाच्या शेतकऱ्याच्या मुलाला नांगरताना तीन बोटांच्या पावलांचा एक दगड सापडला. तो त्यांच्या घराच्या पायरीला बसविण्यात आला, आणि जलप्रलयात नोहाने नौकेतून सोडलेल्या डोमकावळ्याची ही पावले होत, असा विनोद लोकांत रूढ झाला. पुढे १८३५ मध्ये ग्रीनफील्ड गावात फरसबंदीसाठी आणलेल्या दगडांवर तशीच पावले आढळली. तेथील डॉक्टर जेम्स डीन यांनी ॲम्हर्स्ट कॉलेजचे प्राध्यापक एडवर्ड हिचकॉक यांना ती कळविली. हिचकॉक धर्मोपदेशकही होते आणि भूगर्भशास्त्रज्ञही. त्यांनी १८३६ मध्ये या पावलांवर निबंध लिहिला आणि त्यांना ऑर्निथिक्नाइट्स, म्हणजे 'दगडातील पक्षिपदे', असे नाव दिले. काही पावले सव्वा फुटाहून लांब होती. एवढा पक्षी कोठे असतो, अशी शंका घेणाऱ्यांना लवकरच उत्तरही मिळाले. रिचर्ड ओवेन यांनी १८३९ मध्ये न्यूझीलंडमधून आलेल्या एका हाडाच्या तुकड्यावरून तेथे शहामृगाएवढा पक्षी होऊन गेला असे अनुमान केले, आणि ते खरे ठरले. तो पक्षी म्हणजे मोआ. हिचकॉक यांचा विश्वास त्यामुळे अधिकच दृढ झाला. १८५८ मध्ये त्यांनी न्यू इंग्लंडमधील पदचिन्हांवर आपला मोठा ग्रंथ सिद्ध केला, आणि ती पावले मुख्यतः पक्ष्यांची होत हे मत त्यांनी १८६४ मध्ये निधन होईपर्यंत सोडले नाही.

आज आपण जाणतो की ते खडक जुरासिक युगाच्या आरंभीचे आहेत आणि ती पावले डायनोसॉरांची आहेत. परंतु हिचकॉक यांना हसण्याचे कारण नाही. डायनोसॉर हा शब्दच ओवेन यांनी १८४२ मध्ये बनविला, आणि दोन पायांवर चालणारे डायनोसॉर असत ही कल्पना रूढ होण्यास आणखी कित्येक वर्षे लागली. तीन बोटांनी, दोन पायांवर चालणारा प्राणी म्हणजे पक्षी, ही व्याप्ती त्यांनी आपल्या पाहण्यातील सृष्टीवरून बांधली होती. धूर तेथे अग्नी हे अनुमान खरे. पण धुके आणि धूर यांतील भेद कळला नाही, तर हेतूच सदोष होतो. नैयायिक ज्याला हेत्वाभास म्हणतात तो हाच. १८६१ मध्ये बव्हेरियात आर्किऑप्टेरिक्स सापडला, १८६८ मध्ये टॉमस हक्सली यांनी पक्षी व डायनोसॉर यांचे नाते मांडले, आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पक्षी हे मांसाहारी डायनोसॉरांच्याच कुळातले होत हे बहुतेकांनी मान्य केले. म्हणजे हिचकॉक ज्यांना पक्षी समजले ते पक्षी नव्हते, पण पक्ष्यांचे भाऊबंद होते. मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असे आपण म्हणतो. येथे पाय दिसले, परंतु मूल कोणाचे हे ओळखण्यात चूक झाली.

खरीखुरी पक्षिपदे क्रिटेशस काळच्या खडकांत मिळू लागली ती विसाव्या शतकात. हा काळ आजपासून सुमारे १४ कोटी ५० लक्ष ते ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीचा. कॉलोराडोमधील गोल्डन गावाजवळच्या पावलांवर एम. जी. मेल यांनी १९३१ मध्ये लिहिले आणि त्यांना इग्नोटॉर्निस असे नाव दिले. त्याचा अर्थ 'अज्ञात पक्षी'. पक्षी आहे एवढे सांगतो, कोणता ते सांगत नाही, असा प्रामाणिक कबुलीजबाब त्या नावात आहे. १९६९ मध्ये दक्षिण कोरियातील हामान येथील चिमुकल्या पावलांना कोरियानाऑर्निस हे नाव मिळाले. ही पावले चिखलात चालणाऱ्या तुतारीसारख्या पक्ष्यांच्या पावलांशी जुळतात. १९८१ मध्ये फिलिप करी यांनी कॅनडातील पीस नदीच्या घळईतील पावलांना ॲक्वाटिलाव्हिपिस म्हटले. त्यांत मागच्या बोटाचा ठसा नाही. कोरियातीलच उहांग्री येथे बदकासारखा पडदा असलेली पावले मिळाली व १९९५ मध्ये त्यांचे नामकरण झाले. चीनमधील शांतुंग प्रांतातील पावलांत दोन बोटे पुढे व दोन मागे आहेत. आपल्याकडे पोपटाची आणि भारद्वाजाची बोटे अशीच असतात. २००५ मध्ये नाव मिळालेल्या या पावलांवरून, अशी बोटे असलेला पक्षी क्रिटेशसच्या पूर्वार्धातच जमिनीवर चालत होता हे कळले.

ही पावले पक्ष्यांचीच, लहान डायनोसॉरांची नव्हेत, हे कशावरून? मार्टिन लॉकली व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये ही लक्षणे एकत्र मांडली. पक्ष्याचे पाऊल सामान्यतः लहान असते. बोटे सडपातळ असतात आणि बोटांवरील गाद्यांचे ठसे अस्पष्ट असतात. बाहेरच्या दोन बोटांमधील कोन मोठा, बहुधा ११० ते १२० अंश वा त्याहून अधिक असतो. डायनोसॉराच्या पावलात तो सहसा बराच कमी भरतो. नखे बारीक असतात आणि बाहेरच्या बोटांची नखे मध्यरेषेपासून दूर वळलेली असतात. मागचे बोट उमटले असेल तर ते मागे वळलेले असते. शिवाय पाणथळ जागी पक्षी थव्याने वावरतात, म्हणून एकेका फरशीवर पावलांची दाटी असते. यांपैकी एकच लक्षण घेऊन निर्णय करता येत नाही. कोन मोठा, पण पाऊल प्रचंड. किंवा बोटे बारीक, पण ती चिखलाने मिटल्यामुळे. अशी उदाहरणे असतात. पाऊल ज्या थरावर पडले त्याच्या खालच्या थरावरही त्याचा अंधूक दाब उमटतो, आणि तोच नेमका संशोधकाच्या हाती लागू शकतो. आमच्या ओसरीवरच्या कोंबडीने हेच दाखविले नव्हते काय? तिची पावले तीन वेगळ्या दगडांवर सापडली असती, तर एखाद्या उत्साही पंडिताने तिच्या तीन जाती केल्या असत्या.

म्हणून या शास्त्राने एक मर्यादा स्वतःस घालून घेतली आहे. पावलाला दिलेले नाव हे पावलाचेच असते, प्राण्याचे नव्हे. प्राण्यांना नावे देण्याचे जे आंतरराष्ट्रीय नियम आहेत त्यांतही ठशांची नावे व प्राण्यांची नावे यांचे खाते निराळे ठेवले आहे. कोरियानाऑर्निस नावाचा पक्षी नाही. त्या नावाचे पाऊल आहे. एकाच पक्ष्याची पावले दोन नावांखाली जाऊ शकतात, आणि अनेक पक्ष्यांची पावले एका नावाखाली येऊ शकतात.

मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही अडचण नवी नाही. नामदेवांच्या गाथेत 'नामा' ही मुद्रा असलेले जे अभंग संग्रहित झाले त्यांत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचेही अभंग मिसळले, हे आपण जाणतो. मुद्रा म्हणजे कवी नव्हे. मुद्रा ही त्याच्या पावलाची खूण आहे, आणि त्याच आकाराचे पाऊल दुसऱ्याचेही असू शकते. भाषा, छंद, उल्लेख, पोथीचा काळ अशी अनेक लक्षणे जुळली म्हणजेच कर्तृत्वाचा निर्णय करावा, हे आपल्या संशोधकांनी कष्टाने शिकून घेतले. पदचिन्हांचे अभ्यासक त्याच शिस्तीपर्यंत दुसऱ्या वाटेने पोचले.

ही शिस्त असूनही फसगत टळत नाही, याचे एक उदाहरण फार बोधप्रद आहे. २००२ मध्ये अर्जेंटिनातील काही पावलांचा वृत्तांत 'नेचर' या प्रख्यात नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पावले हुबेहूब पक्ष्यांसारखी होती, आणि खडक ट्रायासिक काळचा समजला जात होता. म्हणजे पक्ष्यांच्या ज्ञात सांगाड्यांहून ती कोट्यवधी वर्षे जुनी ठरत होती. पुढे खडकाचे वय पुन्हा तपासले तेव्हा तो जेमतेम ३ कोटी ७० लक्ष वर्षांपूर्वीचा निघाला, आणि २०१३ मध्ये तो लेख मागे घेण्यात आला. पाऊल बरोबर वाचले होते. पोथीचा शक चुकला होता. याउलट आफ्रिकेतील लेसोथो येथील २१ कोटी वर्षांहून जुन्या पावलांची २०२३ मध्ये फेरतपासणी झाली. त्यांतली काही पक्ष्यांच्या पावलांसारखी आहेत. पण पक्ष्यांच्या सर्वांत जुन्या ज्ञात हाडांहून ती सुमारे ६ कोटी वर्षांनी आधीची असल्याने संशोधकांनी त्यांना 'पक्षिसदृश' एवढेच म्हटले. सदृश या एका शब्दात केवढा संयम आहे!

आता आपल्या प्रदेशाकडे वळू. वैनगंगा-वर्धा-प्राणहिता-गोदावरी यांचे खोरे प्राचीन प्राण्यांच्या अवशेषांनी समृद्ध आहे, आणि त्याचा अभ्यास नागपुरात सुरू झाला. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश मिशनरी १८४५ मध्ये तेथे आले. शाळा चालवीत, गोंडांच्या भाषेचा व कथांचा संग्रह करीत, ते टाकळी, मांगली, कोटा, मालेरी येथील अवशेष गोळा करीत राहिले. वरोऱ्याजवळील पिसदुरा येथील क्रिटेशस काळची हाडेही त्यांच्याच प्रयत्नाने प्रकाशात आली. त्यांचे पुष्कळसे नमुने विलायतेस गेले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात ते बुडून मरण पावले. त्यांच्या टिपणांपैकी आदिवासींविषयीचे लेखन रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. परंतु कोणता दगड कोणत्या शेतात, कोणत्या थरात मिळाला याचे जे ज्ञान त्यांच्या मनात होते, ते त्या रात्रीच्या पुरात गेले.

पिसदुऱ्यास हाडांबरोबर एक निराळ्या प्रकारची खूण विपुल मिळते : अश्मीभूत विष्ठा. पावलाप्रमाणेच ही वस्तू प्राण्याचे अंग नव्हे, त्याच्या जगण्याची खूण आहे. सी. ए. मॅटली यांनी १९३९ मध्ये तिचे आकारावरून वर्ग पाडले आणि त्यांना ए, बी, बीए व सी अशी केवळ अक्षरे दिली. कोणता वर्ग कोणत्या प्राण्याचा, हे नाव देऊन ठरवून टाकण्याचा मोह त्यांनी टाळला. या संयमाचे फळ पुढे मिळाले. २००५ मध्ये वंदना प्रसाद, अशोक साहनी प्रभृती संशोधकांनी या विष्ठेत गवताच्या पात्यांतील सूक्ष्म वालुकाकण दाखवून दिले. गवत डायनोसॉरांच्या नंतरचे, ही समजूत त्यामुळे गेली. चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतातल्या, कोणीही उचलून फेकून द्यावा अशा गोळ्याने जगातील पाठ्यपुस्तकांत दुरुस्ती घडविली.

याच खोऱ्यातील सिरोंचा तालुक्यात पोचमपल्ली येथे १९५८ पासून हाडे मिळू लागली. ज्या डायनोसॉराची ती होती त्याचे १९७५ मध्ये 'बारापासॉरस टागोराय' असे नामकरण झाले. बंगालीत 'बडा पा' म्हणजे मोठा पाय. आणि उत्खनन झाले ते १९६१ हे रवींद्रनाथांचे जन्मशताब्दी वर्ष होते, म्हणून टागोरांचे नाव. नदीच्या अलीकडे, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, यमनपल्ली येथील हाडांवरून पी. यादगिरी यांनी १९८८ मध्ये कोटासॉरस हे नाव दिले. त्याचा सांगाडा हैदराबादच्या बिर्ला विज्ञान संग्रहालयात उभा आहे. मी मुलांना तो दाखवावयास नेतो तेव्हा एक गोष्ट आवर्जून सांगतो. तेथे निदान बारा प्राण्यांची हाडे मिळाली होती, आणि त्यांतून हा एक सांगाडा जुळविलेला आहे. अनेक पोथ्या ताडून सिद्ध केलेल्या संशोधित आवृत्तीसारखाच तो आहे. आवृत्ती विश्वसनीय असते, पण ती कोणा एकाच लेखकूच्या हातची नसते.

त्या विद्यार्थ्याला मी आता काय सांगावे? एवढेच की कोणी पाहिले नाही ते ओळखता येते. पण एका लक्षणावरून नव्हे आणि एका पावलावरून नव्हे. पावलामागून पाऊल पाहावे, खडकाचे वय पाहावे, चिखल किती ओला होता ते पाहावे, आणि हे सारे जुळल्यावरही जेवढे सिद्ध झाले तेवढेच नाव द्यावे. आम्ही शिक्षक उत्तरे देण्यास फार उतावीळ असतो. 'कावळा' म्हणून मी मोकळा झालो तो अधिकाराच्या जोरावर, पाहण्याच्या जोरावर नव्हे. ज्यांनी खरोखर पाहिले होते ते शिपाई संकोचाने बोलले. त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर तो गप्प बसला असता, आणि त्या मुलाच्या वहीत आयुष्यभर कावळा राहिला असता.

आणखी एक विनंती, विशेषतः विदर्भ, मराठवाडा आणि आदिलाबादकडील शिक्षकबंधूंना. मुले शेतातून, ओढ्यातून चमत्कारिक दगड आणतात. तो दगड कपाटात ठेवण्यापूर्वी कोठून आणला, कोणत्या बाजूने वर होता, शेजारी काय होते, हे त्या मुलाकडूनच लिहवून घ्यावे, आणि जागेवरून हलविला नसेल तर हलवू नये. ज्या पोथीची पुष्पिका फाटली तिचा काळ ठरविताना संशोधकांचे काय हाल होतात हे आपण जाणतो. स्थळ हरवलेला दगड तसाच मुका होतो.

आमच्या ओसरीवरील तो कोपरा पुन्हा गुळगुळीत करावा असे मध्यंतरी सुचविण्यात आले होते. मी तो तसाच राहू दिला आहे. शेजारी एक लहान पाटी लावली आहे. तिच्यावर नाव शिपायांनी सांगितलेले आहे, मोजमापे त्या मुलाची आहेत, आणि खाली 'बहुधा' हा शब्द मी घातला आहे.